ब्रँकलो हॉलच्या भुताचं क्लेमंटदादास पत्र

प्रिय क्लेमंटदादा,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, वहिनीचा खोकला थांबला का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. आई गेल्यावर तिची किटली तू घेऊन गेलास, त्यावरून आपलं बोलणं बंद झालं त्याला ईस्टरला चार वर्षं होतील, आणि मी आणखी चाळीस वर्षं गप्प बसले असते. पण मंगळवारी तू तुझी भूतशोधक मंडळी घेऊन ब्रँकलो हॉलमध्ये आलास आणि माझ्या मुळावर उठलास.

बावीस वर्षं मी लोकांना पाहायला खुल्या असलेल्या त्या हवेलीच्या संगीतदालनात बिनपगारी राखणदार म्हणून खुर्चीवर बसते. (हे आईच्या प्रत्येक पत्रात असायचं; तू वाचत नव्हतास.) मंगळवारी हवेली बंद असते, म्हणून मी पितळ घासायला गेले होते. दुपारी लाकडी पडद्याआड सँडविच खात होते, कारण राखणदाराला खाताना कुणी पाहू नये असा नियम आहे. इतक्यात तुमची यंत्रं आली, वायरी आल्या, आणि एक बाई डोळे मिटून म्हणाली, "इथं कुणी आहे का? असाल तर एकदा ठोका." सभ्यपणे विचारल्यावर उत्तर द्यायला नको? तोंडात घास होता, म्हणून ठोकलं. (भरल्या तोंडानं बोलू नये, हे आईनं तुलाही शिकवलं होतं.) तुम्ही दुःखी आहात का? दोनदा ठोकलं, म्हणजे नाही. आम्ही जावं असं वाटतं का? एकदाच ठोकलं, पण चांगलं जोरात. त्यावर ती बाई रडायला लागली, आणि मग घास गिळून झाला तरी बाहेर यायची मला लाज वाटली.

आता तुझ्या सहीचा अहवाल व्यवस्थापक प्लॅस्किटनी फलकावर लावलाय. 'खडूस वृद्ध स्त्री, अत्यंत हट्टी, खुर्ची सोडायला तयार नाही.' हे भुताबद्दल लिहिलंस की बहिणीबद्दल? प्लॅस्किट मात्र खूश. म्हणतात, "हेस्टरबाई, भूत सापडलं, आपलं नशीब उघडलं. तेवढा तो कोपरा भुतासाठी मोकळा करा." जुन्या खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून आम्ही वाळकी काटेरी बोंडं ठेवतो. दर सप्टेंबरला कुंपणावरून तोडून आणते मीच. त्यातलंच एक आज माझ्या खुर्चीवर आहे, आणि मी दारात लोकांच्या छत्र्या सांभाळतेय. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर खुर्ची. तेव्हा ब्रँकलो हॉलमध्ये भूतबीत काही नाही, अशी लेखी दुरुस्ती ताबडतोब पाठव.

तुझी संतापलेली बहीण,
हेस्टर

ता. क. पितळ सोमवारीच घासून झालं होतं. येणाऱ्यांच्या नोंदवहीत मंगळवारपुढे तुझं नाव आधीच वाचलं होतं.

आणखी ता. क. तुम्ही सामान आवरताना आलेल्या तीन ठोक्यांपुढे अहवालात 'अर्थ लागला नाही' असं लिहिलंयस. लहानपणी आपल्या खोल्यांमधल्या भिंतीवर मी तीन ठोके द्यायचे, जागा आहेस का म्हणून. तू दोन द्यायचास, आहे म्हणून. मंगळवारी तू पियानोवर दोन ठोके दिलेस आणि मंडळींना सांगितलंस, हात लागला. रविवारी चारला चहा करते. किटली नाही आणलीस तरी चालेल.