अंगारकीला अकराचा खेळ

शनवार, ता. ७

अकराला! अकराला कोण ठेवतं पिच्चर? पिच्चर कोळणींचा आणि अकराला सगळ्या कोळणी बोईसरच्या बाजारात टोपल्या मांडून बसलेल्या. त्या टॉकीजवाल्याला अक्कल नाय. मी तरी काल कुठं पिच्चरसाठी गेले? माल लवकर संपला, निकी बरोबर होती, बोलली काकी चल, आत एसी हाय. आत आमी दोघी आणि एक रातपाळीवाला, घोरत पडलेला.

नट ओळखीचा नाय. गाणं नाय, मारामारी नाय. बापाबरोबर होडीवर जाणारी एक पोर. मोठी होते आणि एक दिवस बाप नेत नाय. का, ते तिला कोण सांगत नाय. गुडघाभर पाण्यात उभी. बास, एवढंच. निकी बाजूला रडत होती, आवाज न करता. मला राग आला. अजून गेला नाय.

निकीचं पण तेच चाललंय. आई हिची हर्षा, माझी धाकटी जाऊ. पोर पालघरला अकरावीत, चांगली जात होती. दिवाळी झाली आणि हर्षाने घरी बसवली. का, तर बोंबील वाळत घालायला हात पायजेत. कॉलेजच्या बाईंचा फोन आला, सोळा तारखेच्या सोमवारी वर्गात दिसली नाय तर परीक्षेला बसू देणार नाय. हर्षा बोलली, बघू.

माझं बोलणं तिला भांडण वाटतं. तिला पिच्चरच दाखवायला पायजे.

रविवार, ता. ८

बाजारात आज गर्दी. येईल त्याला सांगितलं, पिच्चर बघा. नेहमी येणारे ते रिटायर सर बोलले, "बघितला मावशी. फार संथ आहे. काही घडतच नाही." एका पापलेटसाठी सगळ्या टोपल्यांतले कल्ले उघडून बघतात, तेव्हा संथ नाय वाटत! मी बोलले, पोरीचा समुद्र बंद झाला सर, आणखी काय घडायचं? होडी फुटायची?

एक बाई बोलली, शेवट दाखवला नाही म्हणे. मी बोलले, म्हणे म्हणे काय करतेस, जा बघून ये, मंग सुरमई कापून देते. रागाने पलीकडच्या टोपलीवर गेली. जाऊ दे.

हर्षा नायच बोलली. धंदा सोडून पिच्चर? तिचं पण खरं. अकराला!

सोमवार, ता. ९

बाजार उठल्यावर टॉकीजवर गेले. मॅनेजर बोलतो, उद्यापासून काढतोय. "मावशी, रिकाम्या खुर्च्यांना दाखवू का?"

"उद्या काय हाय?"

"मंगळवार."

"अंगारकी हाय. मासळीला गिऱ्हाईक नाय उद्या. आमी सगळ्या रिकाम्या. उद्याचा खेळ ठेव, बायका मी आणते."

"टोपल्या आणू नका फक्त."

टोपल्या आणू नका! मासळी खातोस तेव्हा काय गुलाबाची खातोस काय? पण गरज माझी. हो बोलले.

मंग हर्षा. "ताई, माझा उपास हाय."

"पिच्चर खायचा नाय, बघायचा हाय."

"आणि बोंबील कोण बघणार?"

"निकी बघेल की. तेवढ्यासाठीच बसवलीस ना?"

लागलं तिला. लागू दे. येते बोलली.

मंगळवार, ता. १०

आळीतल्या सगळ्या आल्या. डब्यात साबुदाणा. पयल्यांदा गाणं कधी, गाणं कधी करत होत्या. मंग ती पोर बोंबील वाळत घालायला लागली आणि नुसतेच दोरीवर टाकले. झालं! सगळा हॉल उठला. "अगं ए, जोडी लाव! जबड्यात जबडा अडकव, वाऱ्याने पडतील!" सगळ्यात मोठा आवाज हर्षाचा. मागून दोन पोरगे, शू, प्लीज, प्लीज. मी बोलले, तू अडकवून दाखव, मंग गप्प बसते.

पण बापाने होडी लोटली आणि मागं वळून बघितलं नाय, तेव्हा कोणाचा आवाज नाय. मी पिच्चर बघत नव्हते, हर्षाकडे बघत होते. पदर तोंडात धरलेला.

बाहेर आल्यावर काय बोलली? "त्या पोरीला बोंबील लावायला कोणी शिकवलं नाय. आई कसली ती."

रिक्षात पण तेच. आमचं नवापूर येईपर्यंत बोंबील! एवढी मरमर केली ती बोंबलासाठी?

बुधवार, ता. ११

पिच्चर गेला. पोस्टरवर दुसऱ्या कोणाचं थोबाड. बाजारात आज दोघी-तिघी विचारत होत्या, माझ्या बहिणीला दाखवायचा, आता कुठं लागलाय? कुठं नाय. तेव्हा सांगत होते तेव्हा हसत होत्या.

हर्षा माझी वाट न बघता रिक्षाने घरी गेली. 

गुरुवार, ता. १२

वाळवणात होतो तिघी. हर्षा हळूच, "ताई, तो बाप नेतो का गं तिला परत?"

"दाखवलं नाय."

"नाय, पण तुला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस?"

हात थांबला तिचा. बोलली, "मला पण सातवीतून काढली. मला कोणी विचारलं?"

ही गोष्ट इतक्या वर्षांत मला नाय सांगितली. माझं डोकं फिरलं. "मंग तुला तरी कळायला पायजे होतं ना!" ओरडले. पलीकडच्या आळीत ऐकू गेलं असेल. निकी पुढच्या दोरीवर जबड्यात जबडा अडकवत होती. वर बघितलं नाय तिने. सगळं ऐकलं.

हर्षा परत बोलली, बघू.

आता बघू चालणार नाय. तोंडावर सांगितलं, रविवारी दिवा लावायच्या आत मला हो का नाय ते सांग. सोमवारच्या पयल्या एसटीत निकी बसणार का नाय? निकीच्या समोर सांगायचं.