सैल गाठ

१२ डिसेंबर १९०५

तर पुन्हा माझंच चुकलं! चुकणारच. पोरगं चुकतं असं अब्बांनी एकदा ठरवल्यावर पोरगं कशाला बरोबर असेल!

कुरुंदवाडचा गाडीवान पिराजी आज दुकानात आला आणि भरल्या गिऱ्हाइकांत अब्बांचा निरोप ओरडून सांगितला — "इलाहीभाई म्हंत्यात, पाच रुपयं धाड. आन् हाफिजाच्या बापाला जबान दिलीया. मोहरम सरला की तुजा दुसरा निकाह. पैलीला तलाक देऊन मोकळा हो!"

गिऱ्हाइकं खूष. फुकट तमाशा.

मी म्हटलं, अरे बाबा, अजून पहिलीचं तोंड धड बघितलं नाही!

"त्ये मला काय सांगतूस? मी निस्ता निरोप्या. पैसं दे, बैलं जुपतो."

दिले. दुसऱ्या निकाहाची वर्गणी नवऱ्याकडूनच! असा बाप शोधून मिळायचा नाही.

१३ डिसेंबर

कागदाशी भांडलेलं बरं. कागद उलटून ओरडत नाही. तिसरीपर्यंत शिकलो त्याचा एवढाच उपयोग.

आम्ही पटवेगार. बायकांच्या गळ्यातले मणी, डोरली रेशमात गुंफायची, गाठी मारायच्या. अब्बा कुरुंदवाडात हाच धंदा करतात, आणि सासरा दस्तगीर इथं कोल्हापुरात, शनवार पेठेत. दोघंही आपापल्या गावचे बादशहा. उन्हाळ्यात निकाह झाला. अब्बांनी स्वतः गुंफलेली काळी पोत सुनेच्या गळ्यात पडली. सासऱ्यानं ती चिमटीत धरली, उजेडाकडं फिरवली आणि अख्ख्या मांडवात म्हणाला, "गाठ सैल हाय, इलाहीभाई."

झालं! लोकांना सोयरीक मोडायला सोनं लागतं, जमीन लागते. आमच्याकडं एक गाठ पुरली.

अब्बा उठले. "माझी गाठ सैल? मग ठेव तुझी पोरगी तुझ्याच घरात, घट्ट बांधून!"

"ठेवतो की!"

पुलाव डेगीतच राहिला. नवरी माहेरीच राहिली. जाता जाता तिनं ओढणीआडून एकदा बघितलं, तेवढाच माझा संसार. तेव्हापासून दोन्ही बापांची मनाई. मी तिला भेटायचं नाही, तिनं माझं नाव काढायचं नाही. स्वतःच्या बायकोशी बोललो तर चोरी!

सासऱ्याला वाटतं मी मिरजेत आहे. वाटू दे. माझे मालक मीरासाबचाचा मला गुजरीतल्या दुकानात आतल्या खोलीत बसवतात. जनान्यात ठेवल्यासारखं.

आणि एक, कुणाला सांगू नकोस. गाठ सैलच होती. अब्बांची बोटं हल्ली थरथरतात. दिसतंही कमी. मांडवात हे मला ठाऊक होतं. पण बोलायची हिंमत कुणाची!

२९ डिसेंबर

मीरासाबचाचांची बायको खतिजाचाची दुकानाच्या माडीवर पोरींना कुराण शिकवते. आज वरून हाक — "दिलदार, एका पोरीची पोत सुटली हाय. ये बघू."

गेलो. मणी ओच्यात धरून एक पोरगी बसलेली. मणी बघितले आणि ओळखले. आमच्याच घरचे! मग वर बघितलं.

चाची म्हणाली, "मी जरा दूध बघून येते." दूध खाली चुलीवर नव्हतंच.

मी दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं, मेण लावलं आणि मणी ओवायला लागलो. हात एवढे कापले की अब्बा परवडले! दहा मणी ओवले, त्यातले चार घरंगळले. तीच वेचून देत होती.

शेवटी मी अक्कल पाजळली — "कशी सुटली?"

"आपोआप. बाबा खरं म्हणत होते, गाठ सैलच हाय." मग खाली बघून, "बरंच झालं. त्याबिगर इथं कशाला आले असते?"

सलिमा. नाव मला ठाऊक होतंच, कबूल करताना काझींनी घेतलं होतं. पण आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

गाठ अशी मारली की हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही. गाढव! घट्ट गाठ मारून बायकोला घरी लावून दिलं. कारागीर मोठा!

५ जानेवारी १९०६

पोत पुन्हा तुटून आली. मी टोक बघितलं. गाठ जिथल्या तिथं, दोरा मधेच सरळ कापलेला.

"ही कात्रीनं कापलीय."

"तुमची गाठ सुटंना. मग काय करू?"

चाची आज दूध बघायला दोनदा गेली.

१९ जानेवारी

आज परत कात्री. रेशमाचं किती नुकसान! मीरासाबचाचा म्हणाले, "दिलदार, ह्या गिऱ्हाइकाचं रेशीम तुझ्या पगारातनं कापतो."

"कापा."

"वर तोंड करून कापा म्हणतोय! एवढा शहाणा असतास तर मांडवातच तोंड उघडलं असतंस."

बोलले ते खरं. म्हणून जास्त झोंबलं.

२३ जानेवारी

कसबा बावड्याला चाचीच्या मैतरणीचं, बाळाबाईचं गुऱ्हाळ लागलंय. चाची पोरींना ताजा गूळ खायला घेऊन गेली. दुपारी मालकांनी मला पिटाळलं — चाचीची छत्री पोचवायला! आभाळात ढग नाही आणि छत्री!

बाळाबाई काहिलीपाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "ह्योच काय जावाई? हाडकुळा हाय की गं. घे पावणं, गूळ खा. तुजी बायकू पल्याड उसाच्या बांधाला बसलीया. आमी बाया काय तिकडं बघत न्हाय."

पुढचं लिहीत नाही.

२४ जानेवारी

काय बघतोस? नाही म्हणजे नाही.

९ फेब्रुवारी

मेलो!

सकाळी बाहेर सासऱ्याचा आवाज. "मीरासाब, ही गाठ बघ. पोरीच्या गळ्यात दिसली. त्या इलाहीची न्हवं, तुझीबी न्हवं. पोरगी म्हंती, चाचीनं कुणाकडनं तरी करून दिली. कोण हाय ह्यो कारागीर? मला दे. दीड पट पगार देतो."

मी आत, अंगठ्याला दोरा अडकवून. उठून पळायचं तर पाय बांधलेला!

मीरासाबचाचा म्हणाले, "दस्तगीर, माणूस चांगला हाय. पर तुला परवडायचा न्हाय."

"पैशाची बात माझ्यावर सोड!" म्हणत सासरा पडदा सारून आत.

त्याचं तोंड मला काढता आलं असतं तर चित्रकारच झालो असतो. कौतुक अजून गालावर आणि राग डोळ्यात, दोन्हीला जागा पुरेना. मी लाज सोडून म्हणालो, "सलाम, बाबा. दीड पट म्हणजे किती?"

चप्पल उजव्या कानाशेजारून गेली. नेम त्याचा सैल आहे, हे बघून बरं वाटलं.

जाताना पायरीवर थांबला, हातातली पोत चिमटीत फिरवली, आणि आमच्याकडं पाठ करून मालकांना म्हणाला, "बाप असला आन् गाठ असली! कुठं शिकला?"

"बापाकडंच," मी आतून ओरडलो. ते बरोबर होतं. दहा वर्षांपूर्वी अब्बांसारखी गाठ कृष्णाकाठाला कुणी मारत नव्हतं.

१० फेब्रुवारी

सलिमाचं कुराण बंद. दारं बंद. पोत बापानं काढून ठेवलीय म्हणे.

७ मार्च

काल ताबूत, पंजे बुडवले. सगळं कोल्हापूर पंचगंगेवर, हिंदू-मुसलमान सगळे. मी गर्दीत तिचे डोळे शोधत होतो. एवढ्या ओढण्या, एवढे डोळे! एकही माझा नाही.

२० मार्च

पिराजी आला. जमातीची बैठक ठरली, दहा एप्रिल. दोन्ही बापांचं या एकाच गोष्टीत एकमत — तलाक! अब्बा म्हणतात, पोरगी नांदायला आलीच नाही, तेव्हा निकाहात बायकोला कबूल केलेला मेहेर अर्धाच. सासरा म्हणतो, अर्धा तर अर्धा, पण पोरगी सोड. इतका गोडवा त्यांनी निकाहात दाखवला असता तर!

"तू काय बोलणार बैठकीत?" पिराजीनं विचारलं.

"मला कोण विचारतंय?"

"तलाक तुलाच म्हणायचा हाय न्हवं? मग तोंड तुजंच की रं!"

गाडीवान शहाणा निघाला. मांडवात गप्प बसलो तेव्हा एक डेग वाया गेली. आता गप्प बसलो तर ती जाईल. आणि बोललो तर काय बोलू? बांधावरचं सांगू? तिच्या बापापुढं, चार दाढ्यांपुढं? नाव तिचंच बद होईल.

वर अब्बांनी हाफिजाच्या निकाहासाठी पुन्हा पाच रुपये मागितलेत.

६ एप्रिल

खतिजाचाची शनवार पेठेतून आली. हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "दस्तगीर आधी ओरडला. मग मी म्हटलं, निकाह झालाय न्हवं? मग चोरी कसली? तवा त्यो उठला. मग पोत काढून सलिमाच्या पुढ्यात ठेवली." बैठक नाही. अर्ध्या मेहेराचा हिशेबही नाही. येत्या शुक्रवारी रुखसत, म्हणजे सलिमाची पाठवणी, आणि पोत मीच बांधायची.

पाळण्याची दोरी वळायला घेतलीय. पहिली गाठ अब्बांकडून घालून घेईन, कापत्या हातानं का होईना. मी वरून घट्ट करीन.

पिराजी गाडी जुंपून उभा आहे. निकाहाचे पाच मागितले होते. अब्बांना आजोबा होणार म्हणून पेढ्यांसाठी पाठवतोय — सव्वा रुपया.