ग्रहणात न चिरलेला दोडका

आई,

आज दोडका सोलत होते आणि मधेच तुझ्याशी बोलायला लागले. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर साठीच्या आधीच बुद्धी नाठी झाली म्हणाले असते. दोडक्याचं आणि आपलं काय आहे ते एकदा लिहावं असं फार दिवस मनात होतं. परवा हडपसरला धाकट्याकडे जाऊन आल्यापासून तर राहवेना.

गुलटेकडीच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. बाबा मार्केट यार्डात आडत्याकडे दिवाणजी. येताना पिशवीत उरलीसुरली भाजी आणायचे, त्यामुळे आपल्याकडे एक तर दोडकाच दोडका, नाहीतर मेथीच मेथी. धाकटा पोटात असताना सूर्यग्रहण आलं. आत्याने हडपसरहून निरोप धाडला, की विळीला हात लावू नकोस, काही चिरू-शिवू नकोस, पोराच्या अंगावर उमटतं. तुझा विश्वास होता की नव्हता, मला कधीच कळलं नाही. पण तू सगळं पाळलंस. खिडकीला चादर लावून तू सतरंजीवर पाय लांब करून बसली आहेस, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीस, आणि मी शेजारी पत्त्यांचा बंगला बांधते आहे. बाबांनी आणलेले दोडके कोपऱ्यात तसेच पडून. दुसऱ्या दिवशी ते पार वातड झाले तेव्हा तू म्हणालीस, ग्रहण लागलं ते दोडक्यांना.

धाकटा झाला तो अगदी मूठभर. डाव्या बुबुळात दुधाचा थेंब पडावा तसं पांढुरकं काहीतरी होतं. जाईल हळूहळू, असं शेजारणी म्हणाल्या. इतर मुलं मान धरतात त्या वयात त्याची मान तुझ्या दंडावर कलंडलेली असायची, आणि तो बसायला लागला तोवर त्याच्या बरोबरीची घरभर पळत होती. कानाची शंका पहिल्यांदा तुलाच आली, कारण कुकरची शिट्टी झाली तरी तो झोपेत हलायचा नाही. मग आत्याने परीक्षा घेतली. त्याला पाटावर बसवलं, मागे जाऊन पितळेची परात धाडकन फरशीवर टाकली, आणि तो वळला. ‘चांगलं ऐकतंय की लेकरू,’ आत्या म्हणाली, आणि बाबा लगेच पेढे घेऊन आले. हादरा फरशीतून पाटात आणि पाटातून त्याच्या अंगात गेला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या पेढ्यांपायी कितीतरी महिने वाया गेले. शेवटी एका सकाळी तू त्याला जाड गादीवर बसवलंस, मागून हाका मारल्यास, डबा वाजवलास, तो वळला नाही, आणि तू इस्पितळात जायला साडी बदललीस.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मला आठवतात, कारण त्यांनी मलाही बसायला स्टूल दिलं होतं. दिवस गेल्यावर सुरुवातीला कधी अंगावर पुरळ आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. हो, बारीक लालसर, दोन-तीन दिवसांत गेलं, तू म्हणालीस. तुमच्या आधी घरात कुणाला आलं होतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस आणि पाण्याची बाटली भरून आण म्हणालीस. बाटली चांगली अर्धी भरलेली होती. मी परत आले तर डॉक्टरीणबाई माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघत होत्या. त्याला ऐकू येत नाही आणि डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे, एवढंच मला कळलं.

घरी आत्या वाट बघत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘गिराणात विळीवर बसली आसशील. खरं काय ते सांग.’ तू म्हणालीस, पुरळ आलं होतं म्हणून झालं म्हणतात. त्यावर ते पुरळ तरी कुठनं आलं, असं विचारत तिची नजर घरभर फिरायला लागली. तिची नजर माझ्यापर्यंत यायच्या आत तू म्हणालीस, ‘हो वन्सं. ग्रहणात दोडका चिरला मी.’ मी तोंड उघडलं, की आई, दोडके तर तसेच होते. ‘मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही,’ तू म्हणालीस. इतक्या कडक आवाजात तू मला कधीच बोलली नव्हतीस. खरं बोलून वर बोलणी खाल्ली म्हणून मी त्या रात्री जेवले नाही.

पुढे आपल्या गोतावळ्यात कुणाला दिवस गेले, की तुझं उदाहरण ठरलेलं. प्रत्येक डोहाळजेवणाला आत्या तुझ्यादेखत दोडक्याची गोष्ट सांगायची, आणि तू पंगतीत खीर वाढत पुढे सरकायचीस. आत्या दुष्ट नव्हती गं. धाकट्याला तिने खांद्यावरून खाली ठेवलं नाही. पण तुला तिने कायमचं गुन्हेगार करून ठेवलं, आणि तू ते होऊ दिलंस.

बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंनी तुला सांगितलं, की याच्या तोंडासमोर, उजेडात बसा आणि दिवसभर बोला. डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाड भिंगांचा चष्मा नाडीने डोक्याला बांधलेला, छातीवर ऐकण्याच्या यंत्राची डबी, तिच्यासाठी तू शिवलेला खिसा, अशा थाटात तो खिडकीशी बसायचा आणि समोर तू विळी घेऊन. ही मेथी. मेथी निवडू. मेथी हिरवी. ही काडी, टाकून दे. त्याचा हात तुझ्या गळ्याला लावलेला, म्हणजे आवाज बोटांना कळावा. जिला भाजी चिरली म्हणून जन्मभर बोल लागला, ती भाजी चिरता चिरता पोराला बोलायला शिकवत होती. मी भिंतीला टेकून गणितं करायची आणि सगळं ऐकायची. असं शिकवण्याचं तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा त्याने जुडीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘मेई.’ तू विळीवरून उठून मोरीत गेलीस आणि नळ सोडलास. त्यानंतर आठवडाभर आपण मेथीच खाल्ली.

तू गेल्यानंतरच्या वर्षी माझ्या मुलीला लस टोचायला नेलं. डॉक्टर सहज सांगत होते, की ही लस ज्या बारीक लाल पुरळावरची, ते मुलांना फारसं काही करत नाही, पण त्यांच्याकडून पोटुशी बाईला झालं तर बाळाचे डोळे, कान, सगळंच धोक्यात. तेव्हा मला माझी शाळा आठवली. वर्गातल्या मुलींच्या गालांवरचं लाल पुरळ, मग माझ्या. तू मला कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातलीस, मांडीवर डोकं घेऊन पेज भरवलीस. थोड्याच दिवसांत तुझ्या मानेवर तसंच उठलं आणि तू घामोळं म्हणून सोडून दिलंस. अर्धी भरलेली बाटली पुन्हा भरायला का पाठवलंस, ते मला तिथे कळलं. सुई मुलीला टोचली आणि रडायला मी लागले. डॉक्टरांनी मलाच गोळी दिली, चॉकलेटची.

परवा धाकट्याकडे गेले होते. त्याच्या लेकीला दिवस गेलेत आणि ग्रहण आहे म्हणून त्याच्या बायकोने विळी माळ्यावर टाकली आहे. मला राहवलं नाही. मी त्याच्यासमोर, उजेडात बसले आणि सांगितलं, की आईने काहीही चिरलं नव्हतं, तिला ते पुरळ माझ्याकडून आलं. तो शेंगा सोलत होता. सोलता सोलता त्याच्या त्या जड, आपल्यालाच कळणाऱ्या बोलीत म्हणाला, ‘माहितीये. मी दहावीत असताना आईनं सांगितलं. म्हणाली, ताईला कळू देऊ नको.’ मग माझ्या हातात दाणे ठेवून म्हणाला, ‘तुला ताप आला होता. तू काय केलंस त्यात?’

आई, मला हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण बसमध्ये बसल्यावर दुसरंच काही वर आलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तू त्याला सांगितलंस, मला नाही. मला ऐकू येत होतं ना, म्हणून समोर बसवून, माझा हात गळ्याला लावून, ही मेथी, असं तू मला कधी म्हणाली नाहीस. पंचावन्न उलटली माझी, आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो.