सतरावा खण

३ फेब्रुवारी २०२५

बोलावलं! रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी शेवटी तुंगा मॅडमच लागल्या ना! बॉयलरवर लक्ष ठेवणारा आमचा जुना प्रोग्राम — साडेचार लाख ओळी, निम्म्या माझ्या हातच्या — नव्या कंपायलरवर न्यायचा आहे. जुना कंपायलर, म्हणजे आमच्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बनवणारी कंपनीच बुडाली. टीमची मुख्य चैत्राली, पुण्याची, पस्तिशीची. माझ्या मराठीत अर्धं कन्नड म्हणून हसते. हसू दे, सरी — ठीक आहे!

४ फेब्रुवारी

नव्या कंपायलरमधून पहिल्यांदा काढलं — ९,३१२ चुका! चैत्रालीचं तोंड उतरलं. मला मात्र कधी एकदा कामाला लागते असं झालंय. चुका बहुतेक एकाच जातीच्या असतात, एक समजली की शंभर जातात. तिच्याशी पैज लावली — माझ्या फाइलींत खरी चूक एकही निघणार नाही. निघाली तर चिरोटे माझ्याकडून!

१० फेब्रुवारी

६१७ उरल्या! दुपारचा डबा तसाच परत आणला. हे म्हणाले, नोकरीत होतीस तेव्हा बरी जेवायचीस.

आज जानकीची फाइल दिसली, अजून वगळलेलीच. एके काळी जिवाभावाची मैत्रीण. ९९ साली तिनं ती फाइल जोडली आणि दुसऱ्याच दिवशी एका साखर कारखान्याचा बॉयलर बंद पडला. फाइल काढली — सगळं सुरळीत! मीटिंगमध्ये मीच पहिल्यांदा म्हटलं, चूक जानकीची. यांची सूतगिरणी तेव्हा नुकतीच बंद पडलेली, घर माझ्या एकटीच्या नोकरीवर. पण म्हणून नाही बोलले मी. खरं तेच बोलले! तिला मॅन्युअलं लिहायला बसवलं, सहा महिन्यांत ती सोडून गेली. तेव्हापासून बोलणं नाही. आमच्या अग्रहार पेठेत समोरून आली तर मी रस्ता ओलांडते.

१४ फेब्रुवारी

शून्य!!! एकही चूक नाही! चैत्रालीनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. सोमवारी चालवून बघायचं.

१७ फेब्रुवारी

चालवलं, तर तापमान भलतंच दाखवतंय. मी ठामपणे म्हटलं, कंपायलरचा दोष. चैत्राली शोधत बसली. दुपारी तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. सोळा खणांचा तक्ता, आणि ही ओळ सतराव्या खणात लिहिते! जुना कंपायलर तक्त्यामागे थोडी जागा मोकळी सोडायचा, म्हणून इतकी वर्षं पचलं.

"त्या जागेत कुणाचं काही आलं असतं ना मॅडम, तर वाट लागली असती."

आलं होतं, ९९ साली. जानकीच्या फाइलमधला आकडा, आणि ही ओळ त्याच्यावरच लिहीत होती.

ओळ कोणाची ते शोधावं लागलं नाही. तेव्हा लिहिणाऱ्यानं शेजारी आपली अद्याक्षरं टाकायचीच, तसा नियम होता. माझी होती.

चैत्राली हसून म्हणाली, चिरोटे! मग माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, जुनी गोष्ट आहे, गुपचूप दुरुस्त करते, कुणाला कळणार? नको म्हटलं. माझ्या नावानं नोंद करायला लावली. मग जानकीची फाइल परत जोडायला सांगितली.

चालली! एक आकडा चुकला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ फेब्रुवारी

चिरोट्यांचे दोन डबे घेतले. एक चैत्रालीला दिला. दुसरा घरी घेऊन आले — आज धीर झाला नाही.

१९ फेब्रुवारी

दार जानकीनंच उघडलं. चपला न काढता उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं — नवा कंपायलर, सतरावा खण, चूक माझी.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हाच सापडली होती मला. तुझ्याकडे भाऊजी घरी बसलेले. कुठल्या तोंडानं सांगणार होते गं?"

मग माझ्या हातातून डबा घेतला. "आत ये. माझी फाइल चालली का, ते आधी सांग."