आप्पांच्या दंडावरचे डाग

प्रिय पराग,

तुझ्या क्षितिजाच्या हळदीची तयारी विचारायला फोन पुरला असता. पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसतं ‘हो ताई’ म्हणतोस.

तिच्या साखरपुड्याहून परतल्यापासून आप्पांच्या दंडावर निळे-काळे डाग उठतायत. समोरच्या जिग्नाबेननी लिफ्टमध्ये विचारलं, “अंकल गिर गए क्या?” विचारताना नजर मात्र माझ्या हातांवर. इंद्रलोकमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला आता खात्री आहे, मी बापाला बडवते.

माझा संशय आधी गोळीवर. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून आप्पा रक्त पातळ करायची गोळी घेतात. ती खरं तर पातळ वगैरे काही करत नाही; रक्त गोठायला जे व्हिटॅमिन के लागतं, त्याच्या वाटेत आडवी पडते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. म्हणून पालेभाजीसुद्धा रोज सारख्याच मापात. मग मी केमिस्टवर संशय घेतला, मग पालकाच्या जुडीवर. परवा दात घासताना बेसिन लाल झालं, तरी आप्पांचं आपलं “काय न्हाय गो, ब्रश कडक हाय.” तपासणीत रक्त गोठायला भलताच वेळ लागतोय असं निघालं. आणखी काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर आप्पा पंख्याकडे बघत बसले.

घरी येऊन मी त्यांची पानाची चंची झटकली. सुपारीखालून गुडघेदुखीच्या गोळ्या पडल्या. “परागनी दिल्यान. नातीचे हळदीन नाचाचा हाय मना.” बाबा रे, त्या गोळ्यांनी गुडघा गप्प होतो, पण रक्ताच्या गोळीबरोबर घेतल्या तर पोटात रक्त सुटतं. तू मायेनंच दिल्यास, ठाऊक आहे. पण बाप आपला आहे, म्हशीला औषध पाजल्यासारखं पाजायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं असतं.

त्या मी फेकल्या. तरी आज सकाळी आप्पा लिफ्ट सोडून, हूं की चूं न करता जिना चढले. म्हणजे साठा आणखी कुठेतरी आहे. मला विचारून सांगणार नाहीत. मी अडवलं की कटकट, तू दिलंस की प्रसाद. म्हणून हे लिहितेय. किती दिल्यास ते मला कळव आणि आजच त्यांना फोन करून त्या बंद करायला लाव. आजोबांनी खुर्चीत बसून हळद लावायची, असं क्षितिजालाच सांगू दे. त्यांच्या वाटचं मी नाचेन. बघायला ते समोर हवेत, एवढंच.

तुझीच संशयखोर,
सुचेताताई