तांबडा रंग शेवटी

अप्पा, आज हिच्या पेटीत तुमचा तो बिल्ला सापडला. ही म्हणजे तुमची सून. तुम्ही गेल्यावर ती घरात आली, तुम्ही तिला पाहिले नाही. तिला जाऊन दीड महिना झाला. पेटी आवरताना साडीच्या पदराला टाचलेली त्याची पिन माझ्या बोटाला टोचली आणि औरादची आपली खोली समोर उभी राहिली.

तुम्ही भट्टीजवळ पाटावर बसला आहात. तांब्याच्या पत्र्यावर ठशाने पणती उठवलेली. तिच्या खाचांत तुम्ही काचेची ओली रंगीत पूड सुईच्या टोकाने भरता. आधी निळा आणि पांढरा. ते भाजून निवले की मग तांबडा. "तांबडं शेवटाला. त्येला लई आग सोसत न्हाई. कामून घाई करायलास?" शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे बिल्ले होते ते. लोक आयुष्यभर जपतील म्हणून प्रत्येक बिल्ला तुम्ही स्वतः दगडावर घासत होता. त्यातच तुम्हाला ताप भरला आणि उरलेले भाजायचे काम माझ्यावर आले. मी पदवीच्या वर्गात होतो. दुपारच्या बसने मला गुलबर्ग्याला मित्रांकडे जायचे होते. मी तिन्ही रंग एकदम भरले आणि आच वाढवली. पणतीची तांबडी ज्योत काळी पडली.

बिल्ले पाहून मुख्याध्यापक हसले. "काय हो, आमची पणतीच विझवलीत की! त्यापेक्षा हैदराबादचे प्लास्टिकचे बरे." तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिले. "तापात माझाच हात चुकला, सर." मी मागे खोका धरून उभा होतो. त्या शाळेने तुम्हाला पुन्हा काम दिले नाही. तुम्ही मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलला नाहीत.

लग्नानंतर घरात उरलेला एक बिल्ला हातात घेऊन हिने विचारले, "ह्यो असा काळा कामून पडलाय?"

"अप्पांचा हात चुकला होता," मी म्हणालो.

"असू द्या. मामंजींच्या हातचं घरात एवढंच हाय." तिने तो पदराला लावला आणि दर सणाला लावत राहिली. चुकीसकट तिने तुम्हाला मान दिला. ती चूक तुमची नव्हती, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही.

चूक कोणाची, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होते. पाठवण्याजोगे या पत्रात काही नाही. नवे इतकेच, की मघाशी, वरच्या ओळी लिहून झाल्यावर, लेक आत आली आणि बिल्ला उजेडात धरून तिने तोच प्रश्न विचारला. मी कागद हाताखाली झाकला आणि तेच उत्तर दिले.