गाडी झटके देते म्हणे

अहो,

तुम्ही झोपला होतात म्हणून मीच गाडी मिस्त्रीकडे नेली. खडखड खरी होती, पुढचे शॉकर गेले होते, ते बदलले. पण रेस देताना झटके बसतात म्हणालात, त्यात त्याला काही सापडेना. थ्रॉटल साफ केला, वायर बदलली, मग चालवून पाहिली. एक झटका नाही. मी चालवली, तरी नाही. "आंटीजी, रोज़ चलाता कौन है?" त्यानं विचारलं. मी पैसे दिले नि निघाले.

तुमच्या पायासाठी एमपी नगरात डॉक्टरांकडे नंबर लावायला चाललेय, गाडी घेऊनच. दुसरी किल्ली शोधू नका, तीही माझ्याकडे आहे.

चहा थर्मासमध्ये आहे. कप अर्धाच भरा. परवा सांडला तेव्हा कपाचा कान सैल आहे म्हणालात ना? मी पाहिला. घट्ट आहे.